भांडारकर संस्थेने महाभारतातले श्लोक खरंच काढून टाकले का?

‘पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतातले हजारो श्लोक काढून टाकले’, हे वाक्य एम.ए.च्या वर्गातही ऐकू येतं. ते चुकीचं आहे. १९१९ ते १९६६ या काळात तयार झालेल्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे अनेक पोथ्या ताडून ठरवलेल्या आवृत्तीत, संहितेबाहेर (मुख्य पाठाबाहेर) ठेवलेला मजकूरही त्याच खंडांत छापला आहे.

काम कसं झालं? चौकटींच्या कागदावर वर श्लोक, खाली शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांचे पाठभेद (शब्दांतले फरक), अक्षराखाली अक्षर. उत्तर आणि दक्षिण परंपरांत जुळलेला पाठ संहितेत गेला. मोजक्याच पोथ्यांत सापडलेल्या ओळी तारांकित क्रमांकाने तळाशी, लांब उतारे परिशिष्टात. आदिपर्वातली गणपती लेखनिक झाल्याची कथा तिथेच आहे, सहज वाचता येते.

गफलत होते ती नुसती संहिता इंटरनेटवरून उतरवून घेतल्यामुळे. तिच्यात तळटिपा नसतात. म्हणून प्रबंधात ‘महाभारतात हे नाही’ असं लिहिण्याआधी छापील खंडातली तळटीप आणि परिशिष्ट दोन्ही पाहा, उतारा कोणत्या पोथ्यांत आहे तेही नोंदवा. आणि संहितेला ‘व्यासांचं मूळ’ म्हणू नका. उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येणारं सर्वांत जुनं रूप, एवढाच संपादक वि. स. सुकथनकरांचा दावा होता.