हणजुणेचा खडक आणि समुद्राचा घसरता सामू

थंडीच्या दिवसांत ओहोटीला गोव्यातल्या हणजुणेचा खडक उघडा पडला की पाण्यालगत तपकिरी सार्गासम, थोडी वर हिरवी उल्वा आणि डबक्यांत गुलाबी, चुन्याने कडक झालेली अँफिरोआ अशी शेवाळे दिसतात. समुद्राचा सामू (pH) उतरला, म्हणजे पाणी आम्लतेकडे झुकले, तर यांपैकी कुणाची जागा कोण बळकावेल, हा प्रश्न तसा अलीकडचा.

‘महासागरी आम्लीकरण’ हा शब्दप्रयोग २००३ मध्ये केन काल्डेरा आणि मायकेल विकेट यांच्या टिपणानंतर रुळला. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. त्यातला काही वायू समुद्रात विरघळून आम्ल बनते, आणि समुद्रपृष्ठाचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला. फरक किरकोळ वाटतो. पण ही मोजपट्टी लॉगरिदमची, म्हणजे एक अंक उतरला की आम्लता दहापट; त्यामुळे आम्लता ठरवणारे हायड्रोजन आयन २५ ते ३० टक्क्यांनी वाढले.

सुरुवातीचा तर्क सरळ होता: वायू वाढला, शेवाळांची चंगळ. तो फसला. समुद्रात विरघळलेल्या या कार्बनपैकी सुमारे ९० टक्के बायकार्बोनेट असतो, मोकळा वायू जेमतेम एक टक्का. बहुतेक शेवाळे ऊर्जा खर्चून बायकार्बोनेटच वापरतात, म्हणून जादा वायूचा त्यांना बेताचाच लाभ. ती यंत्रणा नसलेल्या, सावलीत वाढणाऱ्या काही लाल जातींना तो अधिक. अँफिरोआसारख्यांचे मात्र नुकसान, कारण त्यांच्या सांगाड्यातले मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट, म्हणजे चुन्याचा एक प्रकार, सर्वांत आधी विरघळते.

२००८ मध्ये दोन कामे आली. हवाईतल्या टाक्यांत सामू उतरवलेल्या पाण्याने चुनेदार लाल शेवाळांचे आच्छादन ९२ टक्क्यांनी घटले, बिनचुन्याच्या शेवाळांचे ५२ टक्क्यांनी वाढले. इटलीत इस्कियाजवळ समुद्रतळातून वायूचे बुडबुडे निघतात. तिथे सामू ८.१ वरून ७.४ पर्यंत उतरत जातो आणि चुनेदार लाल शेवाळे नाहीशी होतात. पाडिनाने पुढे सगळ्यांना चकवले. चुना बाळगणारी ही तपकिरी शेवाळ अशा झऱ्यांजवळ चुना गमावूनही फोफावली, कारण तिला खाणारे सागरी साळू (काटेरी समुद्री जीव) तिथे कमी होते. निकाल एकट्या रसायनावर लागत नाही तो असा.

प्रयोगात चुका नेमक्या ठिकाणी होतात. नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर सामू उतरतो, पण पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकदही घटते; खऱ्या समुद्रात वायू विरघळताना ती तशीच राहते. म्हणून वायूचे बुडबुडेच सोडावेत. बरणीत शेवाळ दाटीने भरली की दिवसा तीच वायू शोषून सामू वर नेते. साध्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) जुळवलेले मीटर आणि समुद्रशास्त्राची ‘एकूण’ मोजपट्टी यांत ०.१ हून जास्त फरक पडू शकतो, म्हणजे आजवरची सगळी घसरण त्या फटीत गडप! सामूबरोबर क्षारताही मोजावी ती यासाठीच.

गोव्यात गुंता आणखी वाढतो. पावसाळ्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात खालून प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेले पाणी किनाऱ्याकडे सरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची स्थिती सर्वांत वाईट असते. त्यावर मांडवी-जुवारी नद्यांच्या पुरामुळे गोडसर पाण्याचा पातळ थर पसरलेला. जांभ्याच्या मुलखातून येणाऱ्या या पाण्यात चुना थोडा, त्यामुळे आम्ल झेलण्याची ताकदही कमी. पाऊस ओसरताच मोकळ्या खडकावर नवे बीजाणू बसू लागतात, आणि जागेची खरी मारामारी तेव्हाच होते. जानेवारीत भरगच्च खडक मोजण्यापेक्षा ऑक्टोबरात, दिवसा आणि पहाटे, डबक्यांचे पाणी तपासणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.