जुनी बक्कले : शेतजमिनीतील शोध व कालनिश्चिती (विदर्भ)

कमरेचा, खांद्यावरचा किंवा जनावराच्या साजाचा पट्टा अडकवण्याचे धातूचे साधन म्हणजे बक्कल. विदर्भात नांगरणी-वखरणीत किंवा मेटल डिटेक्टरच्या साहाय्याने मिळणारी बक्कले बहुतांशी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील असतात. धोतर आणि कमरेला गुंडाळलेला शेला वापरणाऱ्या खेडुताला बक्कलाची गरज नव्हती. ते या भागात मुख्यतः पलटणी, पोलीस, रेल्वे आणि कचेरीतील पट्टेवाले यांच्याबरोबर रुळले. त्यामुळे अडगाव व गाविलगड (१८०३) आणि सीताबर्डी (१८१७) या लढायांचा परिसर, कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये वसलेली कामठी छावणी, हैदराबाद कंटिंजंटचे, म्हणजे निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या व ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचे, ठाणे असलेले एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, तसेच १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेल्या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंची वावरे येथे लष्करी व सरकारी बक्कले मिळण्याचा संभव अधिक असतो.

वस्तू जितकी खोल तितकी जुनी, हा समज विदर्भाच्या काळ्या जमिनीत टिकत नाही. कपाशीची ही भारी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, तर खालची वस्तू मातीच्या घुसळणीने आणि नांगराच्या फाळाने वर येते. म्हणून दीड वीत खोलीवर मिळालेले बक्कल साठ वर्षांपूर्वीचे असू शकते आणि ढेकळांवर उघडे पडलेले दीडशे वर्षांपूर्वीचे. वयाचा पुरावा मातीत नव्हे, प्रत्यक्ष वस्तूवर शोधावा लागतो.

प्रथम घडण पाहावी. ओतीव पितळी बक्कल जाड व वजनदार असते. त्याच्या मागच्या बाजूस वाळूच्या साच्याचा खरबरीतपणा आणि कडांवर कानशीचे तिरपे ओरखडे भिंगाखाली स्पष्ट दिसतात. पातळ पत्र्यावर ठसा मारून काढलेल्या बक्कलाच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा खोलगट ठसा असतो व चामड्यात अडकवण्याच्या कड्या डाख देऊन जोडलेल्या असतात. पितळेवर क्रोमचा मुलामा असल्यास ती वस्तू विसाव्या शतकातील समजावी. अॅल्युमिनियमच्या बक्कलालाही साधारणपणे हेच लागू पडते. दोन चकत्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळलेल्या सापाने जोडणारे बक्कल दिसताच ते व्हिक्टोरियाकालीन ठरवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ब्रिटिश सैन्यात रुळलेला हा नमुना पुढे शाळकरी मुलांच्या पट्ट्यांवरही दीर्घकाळ चालला.

मुकुट, अक्षरे व क्रमांक असतील तर निर्णय बराच नेमका करता येतो. व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबलेल्या आणि दोन्ही अंगांना फुगलेल्या दिसतात, तर १९०१ नंतरच्या राजमुकुटाच्या कमानी सलग घुमटाकार आहेत. ‘व्ही. आर. आय.’ (व्हिक्टोरिया, राणी आणि सम्राज्ञी) या अक्षरांतील अखेरचे अक्षर सम्राज्ञीपदाचे असल्याने असे बक्कल १८७७ च्या आधीचे सहसा नसते. ब्रिटिश पायदळ पलटणींचे क्रमांक १८८१ च्या पुनर्रचनेत मागे पडून प्रादेशिक नावे आली, म्हणून केवळ क्रमांक असलेले ब्रिटिश बक्कल त्यापूर्वीचे असण्याचा संभव मोठा. भारतीय सैन्याचे क्रमांक १९०३ मध्ये बदलले व मद्रास पायदळाच्या जुन्या क्रमांकांत ६० मिळवले गेले. कामठीला मद्रासी पलटणी असत, त्यामुळे हा तपशील इथल्या शोधकाने पाठच करावा. मुलकी बक्कलांवर ‘सी. पी.’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) ही अक्षरे असल्यास ते १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यानंतरचे आणि अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असल्यास १९५० किंवा त्यानंतरचे. विदर्भ १९५० ते १९५६ मध्य प्रदेशात, त्यानंतर मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्याच्या नावाची अक्षरे वाचता आली तर या टप्प्यांचा थेट उपयोग होतो. मात्र या खुणा बक्कल केव्हापूर्वीचे नाही एवढेच सांगतात. जुना साठा संपेपर्यंत वापरला जाई, आणि निवृत्त शिपायाचा पट्टा घरात आणखी एक पिढी चाले.

सर्वाधिक फसगत जनावरांच्या साजामुळे होते. पोळ्याला बैलांच्या गळ्यात बांधायच्या घुंगरांच्या चामडी पट्ट्याला आणि टांग्याच्या घोड्याच्या साजाला लोखंडी किंवा पितळी बक्कले असत. चौकटीच्या एका दांडीवर फिरती नळी असेल, तर ते साजाचे असण्याची शक्यता आधी तपासावी. याहून गंभीर बाब महापाषाणीय स्थळांची, म्हणजे मोठ्या दगडांची वर्तुळे रचलेल्या प्राचीन दफनस्थळांची आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांच्या उत्खननात घोड्याच्या मुखावरचे तांब्याचे अलंकार व लोखंडी लगाम मिळाले आहेत. दगडांच्या वर्तुळालगत सापडलेला तांब्याचा वा लोखंडाचा तुकडा बक्कल समजून उचलला, तर इसवी सनापूर्वीच्या दफनाचा संदर्भ कायमचा पुसला जातो. अशा ठिकाणी मेटल डिटेक्टर चालवूच नये.

सापडलेले बक्कल चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. हिरवट थराबरोबर कारखान्याचा ठसा आणि सोनेरी मुलाम्याचे अवशेषही निघून जातात. कोरड्या मऊ कुंचल्याने माती झाडून दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे, आणि गाव, गट क्रमांक व धुऱ्यापासूनचे अंतर लगेच लिहून ठेवावे. तुलनेसाठी १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा अजब बंगला, हे जवळचे ठिकाण आहे.

शोधासाठी जमीनमालकाची परवानगी आवश्यक आहे, आणि संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करण्यास १९५८ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. १८७८ च्या निखात निधी (गुप्तधन) अधिनियमानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूसाठी किमान १०० वर्षांची अट असल्याने कामठीच्या पलटणीचे व्हिक्टोरियाकालीन बक्कल त्याच्या कक्षेत येऊ शकते, तर दुसऱ्या महायुद्धातील, १९३७ च्या नमुन्याच्या कापडी पट्ट्याचे बक्कल अजून येत नाही.