निद्राविकार

निद्राविकार : झोप लागणे, टिकणे, योग्य वेळी येणे किंवा झोपेनंतर ताजेतवाने वाटणे यांपैकी कशातही वारंवार बिघाड होऊन दिवसाच्या कामावर परिणाम होऊ लागला, की त्याला निद्राविकार म्हणतात. परीक्षा, प्रवास, दुखणे, दुःख यांमुळे चार रात्री तळमळत गेल्या तर तो विकार नव्हे. ‘झोप येत नाही’ या एकाच तक्रारीमागे अगदी वेगवेगळे विकार असू शकतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्यात घातक ठरतो. म्हणून आधी विकार ओळखणे आणि मगच औषध घेणे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

झोपेचे नियमन दोन यंत्रणा करतात, अशी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये केली. पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जागेपणी मेंदूत अडिनोसिन हे रसायन साठत जाते, पेंग वाढते, आणि झोपेत हा साठा ओसरतो. कॉफी-चहातील कॅफीन अडिनोसिनचा परिणाम अडवते. रक्तातील कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप रात्री झोपेच्या आड येतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. ते प्रामुख्याने डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून वेळ लावून घेते. दाब पुरेसा साठलेला असावा आणि घड्याळानेही रात्र मानलेली असावी, तेव्हा झोप सहज लागते.

निद्रानाश हा सर्वांत जास्त आढळणारा विकार. झोपायला पुरेसा वेळ आणि निवांतपणा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, आणि त्याचा त्रास दिवसाही होतो, तेव्हा तो जुनाट मानतात. सुरुवात बहुधा एखाद्या ताणातून होते. पण ताण निवळल्यावरही विकार का टिकतो, याचे उत्तर आर्थर स्पीलमन यांनी 1980च्या दशकात दिले : झोप भरून काढण्यासाठी माणूस जे करतो, तेच विकाराला खतपाणी घालते. तो नऊलाच आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डुलकी काढतो. शरीराला जमणारी सहा तासांची झोप मग दहा तासांच्या अंथरुणात विरळ पसरते आणि दुपारच्या डुलकीने रात्रीसाठी साठलेला दाबही खर्च होतो. अडीच वाजता घड्याळ पाहिले, की ‘आता चारच तास उरले’ हा हिशोब सुरू होतो. छाती धडधडते, उरलीसुरली झोपही पळते. दिवाणखान्यात टीव्हीसमोर डोळे मिटत होते आणि अंथरुणाला पाठ टेकताच टक्क जाग आली, हा अनुभव अशा रुग्णांना नेहमीचा असतो. त्यांच्या मेंदूने अंथरुणाची सांगड जागरणाशी घातलेली असते.

म्हणूनच यावरचा सर्वांत भक्कम उपाय गोळीचा नाही, सवयी आणि विचार बदलण्याचा आहे. पेंग आल्यावरच अंथरुणावर जायचे. झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी शांतपणे करत बसायचे. रात्र कशीही गेली तरी ठरल्या वेळीच उठायचे. हे नियम रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडले. त्यांच्या जोडीला अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडून हळूहळू वाढवतात. सुरुवातीचे काही दिवस यामुळे थकवा वाढतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. नाहीतर तो उपचार अर्ध्यावर सोडतो. फेफरे किंवा द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असलेल्यांनी हा प्रयोग परस्पर करू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी ही उपचारपद्धती प्रथम वापरावी अशी शिफारस केली. झोपेच्या गोळ्या थोड्या काळापुरत्या उपयोगी पडतात. मात्र अनेक गोळ्यांची सवय लागते, आणि वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

झोपेतील श्वासरोध, अर्थात स्लीप ॲप्निया, रुग्णाला स्वतःला क्वचितच कळतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि श्वासमार्ग मिटतो. मोठमोठे घोरणे एकाएकी थांबते, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ असे गेल्यावर रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि धाप टाकत श्वास पुन्हा सुरू होतो. तासाला असे सरासरी पाच प्रसंग घडले तर विकार सौम्य, पंधरापासून मध्यम आणि तीस किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात. शेजारी झोपणारा घाबरून जागा होतो. रुग्ण मात्र आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो, सकाळी त्याचे डोके दुखते, तोंड कोरडे पडते. लठ्ठपणाने धोका वाढतो, पण लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही आणि टॉन्सिल वाढलेल्या मुलांनाही हा विकार होतो. दारू आणि गुंगीची औषधे घसा आणखी सैल करतात, त्यामुळे अशा रुग्णाने ‘झोप नीट होत नाही’ म्हणून परस्पर गोळी घेणे धोक्याचे आहे. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेला उपाय आजही मुख्य आहे : नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा सततचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणे. मुखवटा नीट बसला नाही, की लोक यंत्र बाजूला ठेवून देतात. तो बदलून पाहिला तर पुष्कळदा अडचण सुटते.

अस्वस्थ पायांच्या विकारात संध्याकाळनंतर, स्वस्थ बसले किंवा आडवे झाले की पायांत काहीतरी सरपटल्यासारखे वाटते आणि हालचाल केल्यावरच बरे वाटते. कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. लोहाच्या कमतरतेने हा त्रास होऊ शकतो, म्हणून शरीरातील लोहाचा साठा तपासणे ही पहिली पायरी. गरोदरपणी आणि मूत्रपिंडाच्या विकारात अस्वस्थ पायांचा विकार अधिक आढळतो. काही नैराश्यविरोधी आणि सर्दीच्या औषधांनी त्रास वाढतो.

जैविक घड्याळाच्या विकारांत झोप चांगली असते, फक्त वेळ चुकलेली असते. पहाटे तीनला झोपून अकराला ताजातवाना उठणारा तरुण आळशी ठरवला जातो, हा त्याच्यावर अन्याय आहे. सकाळचा उजेड आणि योग्य वेळी दिलेले मेलाटोनिन (शरीराला रात्रीची खूण देणारे संप्रेरक) यांनी त्याची झोपेची वेळ अलीकडे आणता येते. रात्रपाळीच्या कामगारांना तर घड्याळाविरुद्धच झोपावे लागते.

नार्कोलेप्सी दुर्मीळ आहे. तिच्या एका प्रकारात जागे ठेवणारे ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूपेशी नष्ट होतात. दिवसा अनावर झोप येते आणि खळखळून हसताना गुडघे लुळे पडतात. झोपेत चालणे गाढ झोपेतून, बहुधा रात्रीच्या पूर्वार्धात घडते आणि बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयात थांबते. याउलट उतारवयात कोणी स्वप्नातली मारामारी हातपाय झाडून प्रत्यक्ष करू लागले, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. काही रुग्णांत वर्षानुवर्षांनी पार्किन्सन रोग उद्भवतो.

निदानासाठी दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही फार उपयोगी पडते. निद्रानाशासाठी सहसा यंत्रतपासणी लागत नाही. श्वासरोधाचा संशय असेल तर मेंदूलहरी, श्वास आणि प्राणवायू रात्रभर नोंदवणारी चाचणी करतात. ठरावीक रुग्णांत घरच्या घरी छोट्या उपकरणानेही काम भागते. दुखणे, दमा, थायरॉइडचे विकार, नैराश्य आणि चालू औषधे यांचीही चौकशी करावी लागते. वाहन चालवताना पेंग येत असेल, तर तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत वाहन चालवू नये.