गिटारचा पिकअप : वेढे मोजावेत की पैसे?

गल्लीतल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पंख्याचं वाइंडिंग भरणारा माणूस आणि गिटारच्या स्ट्रिंगखाली बसणाऱ्या पिकअपच्या एका जोडीला शेकडो डॉलर घेणारा अमेरिकन कारागीर, दोघांच्या हातात एनामल चढवलेली तांब्याची तारच असते. पहिल्याला पैसे देताना आपण घासाघीस करतो, दुसऱ्याकडे नंबर लावून महिनोन्‌महिने थांबतो. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. मूळ पिकअप बदलायचा, तर डिमार्झिओ किंवा सेमूर डंकनसारख्या मोठ्या कंपनीचा घ्यावा, की दुप्पट-तिप्पट पैसे मोजून हातानं थोडाच माल बनवणाऱ्या एखाद्या ‘बुटिक’ कारागिराचा?

आधी पिकअप करतो काय ते पाहू. त्यातलं चुंबक वरच्या पोलादी स्ट्रिंगलाही थोडंसं चुंबक बनवतं. स्ट्रिंग थरथरली की खालच्या कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि तारेत विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलेला हाच तो परिणाम. पिकअप हवेतला आवाज पकडत नाही, म्हणून नायलॉनच्या स्ट्रिंगखाली तो मुका राहतो. दाब फारच कमी असल्यामुळे वेढे भरपूर लागतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका पिकअपवर ते आठ हजारांच्या आसपास असतात आणि तार असते ०.०६३ मिलिमीटर जाडीची, जवळपास केसाइतकी बारीक. गिटारच्या जगात हिला ४२ गेज (तारेच्या जाडीचा नंबर) म्हणतात, पण ते गेज अमेरिकन. आपल्याकडच्या वाइंडिंगवाल्याकडे ४२ मागितली, तर तो ब्रिटिश गेजची ०.१ मिलिमीटरची तार देईल आणि निम्मे वेढे पडायच्या आत बॉबिन भरून जाईल. त्याच्या भाषेत आपल्याला हवी असते साधारण ४६.

आता इतिहासातली गंमत. एका कॉइलचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुणही पकडतो. यावर गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्यानं तोड काढली आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यानं दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीचे चुंबकीय ध्रुव उलटे केले आणि जोडणीही उलटी केली. स्ट्रिंगचा सिग्नल दोन्हींतून बेरजेनं येतो, गुणगुण वजाबाकीत जाते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची, पण वजाबाकी दोन्हीकडे तीच. हाच हमबकर. पेटंट मिळालं १९५९ मध्ये. त्याआधी, आणि नंतरही काही काळ, या पिकअपच्या तळाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’, अशी चिकटपट्टी असायची. तिच्या आद्याक्षरांवरून त्यांना पीएएफ म्हणतात.

१९५८ ते १९६० या काळातल्या गिब्सनच्या ज्या लेस पॉल गिटार आज घराच्या किमतीला विकल्या जातात, त्यांत हे पीएएफ आहेत. जगभरचे बुटिक कारागीर सर्वांत जास्त नक्कल करतात ती यांचीच. आणि हे पीएएफ होते कसे? मिशिगनमधल्या कॅलमाझूच्या कारखान्यात यंत्रावर धडाधड बनवलेले. दर कॉइलला सुमारे पाच हजार वेढे घालायचे, पण मोजणी काटेकोर नव्हती, त्यामुळे कुठे जास्त पडत, कुठे कमी. चुंबक अल्निकोचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांच्या मिश्रधातूचं. त्याच्या प्रतींपैकी दोन नंबर, चार नंबर, पाच नंबर, जी हाताशी असेल ती बसवली जाई. म्हणून एका पीएएफचा रोध ७ किलोओहम भरतो, तर दुसऱ्याचा ९. म्हणजे त्या काळच्या कारखान्यातली ढिलाई आजचा कारागीर चिमटीत तार धरून, मोजूनमापून घडवतो आणि तिचे वेगळे पैसे लावतो. मला यात काही वावगं वाटत नाही, फक्त हसू येतं.

फेंडरची कथाही याच वळणाची. ॲबिगेल इबारा १९५६ पासून फेंडरच्या कारखान्यात पिकअपवर तार गुंडाळण्याचं काम करत होत्या. हजारोंच्या संख्येनं निघणारा तो माल होता. पुढे याच कंपनीनं त्यांच्या नावानं, त्यांची सही असलेले हातगुंडाळीचे पिकअप महागात विकले. कामगार तीच, हात तेच, वेढेही साधारण तेवढेच. तेव्हा ‘कारखान्याचा माल’ आणि ‘कारागिराचा माल’ यांतली रेषा आपल्याला वाटते तितकी ठळक नाही. पिकअप बदलण्याचा बाजारही मुळात छोट्या कारागिरांनीच उभा केला. लॅरी डिमार्झिओनं १९७२ च्या सुमारास सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आणला, सेमूर डंकननं १९७६ मध्ये कंपनी काढली. आजच्या या मोठ्या कंपन्या त्या वेळच्या बुटिकच होत्या.

पण कानाला फरक जाणवतो, त्याचं काय? जाणवतो, आणि त्यामागचं गणित अवघड नाही. कॉइलला इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) असतो, तर कॉइल आणि गिटारची केबल यांना मिळून कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता). जुन्या रेडिओत स्टेशन लावायला अशीच जोडी असायची. ही जोडी एका विशिष्ट वारंवारतेला अनुनाद देते. तिथे आवाज उठून येतो आणि त्याच्या वरचे सूर झपाट्यानं मावळतात. स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या, पिकअपचा इंडक्टन्स २.४ हेन्री धरा. चांगल्या केबलचा कपॅसिटन्स मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, त्यामुळे पाच मीटरचे ५००, आणि कॉइलचे स्वतःचे शंभरेक. उत्तर येतं ४२०० हर्ट्झच्या आसपास. पीएएफ पद्धतीच्या पिकअपला ४.४ हेन्री धरले की तेच ३१०० वर उतरतं. आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो, म्हणून स्ट्रॅट ‘खणखणीत’ आणि लेस पॉल ‘जाड’ वाटते.

आता त्याच स्ट्रॅटची केबल बदलून पाहा. तीन मीटरच्या केबलवर अनुनाद ५१०० हर्ट्झला, सहा मीटरच्या केबलवर ३९०० ला. पिकअप तोच, स्क्रूलाही हात लावलेला नाही! हातानं तार वेडीवाकडी गुंडाळल्यानं कॉइलचा कपॅसिटन्स घटतो आणि आवाज मोकळा होतो, असं बुटिकवाले सांगतात. तत्त्वतः ते खरं आहे. पण हा फरक वीस-तीस पिकोफॅरडचा धरला, तर तो वीतभर केबलइतकाच होतो.

वेष्टनावर छापलेल्या किलोओहमच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नये. सेमूर डंकनच्या जेबी या हमबकरवर सोळाच्या वरचा आकडा असतो, पीएएफच्या दुप्पट. पण त्यातली तार ४४ गेजची, म्हणजे आणखी बारीक, आणि बारीक तारेचा रोध जास्त असणारच. त्यावरून तो दुप्पट जोरात वाजेल असं होत नाही. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मेच्या दुपारी ३८ अंशांना ८.७ दाखवेल. ‘जरा जास्त गरम’, म्हणजे जोरकस, पिकअप म्हणून एवढ्याच फरकाला दुकानात वेगळं नाव असतं.

खरी दरी आहे ती दुसरीकडे. स्वस्त गिटारमध्ये कंपनीनंच घातलेल्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये अनेकदा पोलादी खिळे असतात आणि तळाला सिरॅमिक चुंबकाची पट्टी. पोलादामुळे इंडक्टन्स वाढतो आणि धातूत भोवरा प्रवाह फिरून वरचे सूर बोथट होतात. हमबकरवरचं झाकण जर्मन सिल्व्हरऐवजी पितळेचं असलं, तरी तेच. कॉइल मेणात नीट बुडवलेली नसेल, तर जोरात वाजवताना पिकअप किंचाळतो. मूळच्या पीएएफनाही मेण नव्हतं, पण ती किरकिर आता गुण मानली जाते, हा भाग निराळा. तर असा पिकअप काढून अल्निकोच्या खांबांचा नीट बनवलेला पिकअप घातला, की आंधळी चाचणी न करताही फरक कळतो. मोठी कंपनी आणि बुटिक यांच्यातला फरक मात्र त्या मानानं चिमूटभर.

चिमूटभर फरकाला कान फसतो. व्हायोलिनवाल्यांनी हे तपासलं आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना काळे गॉगल लावायला देऊन जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. बहुतेकांनी पसंत केलं ते नवं व्हायोलिन. माझ्या एका मित्रानं महागडे पिकअप बसवले आणि ‘गिटार जिवंत झाली’ असं सांगत हिंडला. त्याच दिवशी त्यानं सहा महिन्यांच्या गंजक्या स्ट्रिंग बदलल्या होत्या आणि पिकअप पूर्वीपेक्षा तीन मिलिमीटर वर बसले होते, हे बोलता बोलता निघालं.

म्हणून मी पैसे काढण्याआधी स्क्रूड्रायव्हर काढतो. पिकअप स्ट्रिंगजवळ आणला की आवाज वाढतो. फार जवळ गेला तर चुंबक स्ट्रिंगला ओढतं आणि सूर डळमळतो, विशेषतः जाड स्ट्रिंगवर वरच्या पट्ट्यांत. मग व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा कमी-जास्त होणारा रोध, पाहतो. हमबकरला ५०० किलोओहमचा हवा असताना २५० चा बसवलेला सापडला, की मंद आवाजाचं कारण तिथेच मिळतं. एवढं करून समाधान झालं नाही, तर मोठ्या कंपनीचा, ज्याचा इंडक्टन्स छापलेला आहे असा पिकअप.

बुटिककडे मी दोन कामांसाठी जाईन. एक म्हणजे जुन्या जपानी गिटारच्या विचित्र आकाराच्या पिकअपची तुटलेली कॉइल पुन्हा भरून घेणं, ज्याला कोणत्याही कंपनीचा तयार माल बसत नाही. दुसरं म्हणजे नेक (मानेकडचा) आणि ब्रिज (स्ट्रिंग टेकतात त्या पट्टीकडचा) हे पिकअप एकमेकांशी जुळत नसताना ‘नेकला दोनशे वेढे कमी घाल’ असं एखाद्या माणसाला सांगता येणं. तूर्त माझ्या स्ट्रॅटला कारखान्याचेच पिकअप आहेत. सहा मीटरची केबल मात्र तीन मीटरची केली आहे, आणि आता ॲम्पपासून लांब जाता येत नाही.