पडलेला योद्धा पुन्हा उठतो तेव्हा

गेममध्ये थडग्याचं दार उघडलं की गंजलेल्या चिलखतातला सांगाडा उठून तलवार उपसतो. तो कोण होता हे आपण विचारत नाही, कारण गेमही ते सांगत नाही. जुन्या कथांमध्ये मात्र त्याचं नाव आणि कूळ आधी कळायचं.

आइसलँडच्या मध्ययुगीन सागांमध्ये, म्हणजे तिथल्या वीरकथांमध्ये, अशा मृताला ‘द्राउग्र’ म्हणतात. हा हवेत विरणारा आत्मा नव्हे. त्याला शरीर असतं, माणसापेक्षा जास्त ताकद असते, आणि पुष्कळदा तो आपल्या टेकाडाखालच्या थडग्यात सोबत पुरलेलं धन राखत बसतो. 2011च्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेमने हा शब्द थेट तिथूनच उचलला. पण याच परंपरेतला मला सर्वांत हलवणारा प्रसंग हेर्व्होरचा आहे. ही लढवय्यी मुलगी रात्री साम्सो बेटावर जाते, बापाच्या थडग्यापुढे उभी राहते आणि त्याची टिरफिंग नावाची शापित तलवार मागते. मेलेला आंगान्टीर तिला परोपरीनं समजावतो की ही तलवार तुझ्या वंशाचा घात करील. ती ऐकत नाही, आणि अखेर तो तलवार देतो. तो मेलेला आहे, तरी अजून बापच आहे.

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वातही असंच घडतं. व्यास गंगेतून दोन्ही पक्षांचे मृत योद्धे एका रात्रीपुरते बोलावतात. ते वैर विसरून आप्तांना भेटतात आणि रात्र सरताच परत जातात. त्यांना कुणी लढायला उठवलेलं नसतं.

लढाईसाठी उठवण्याची कल्पनाही तितकीच जुनी. शुक्राचार्य संजीवनी विद्येनं रणात पडलेले असुर पुन्हा उभे करत, म्हणून तर देवांनी कचाला त्यांच्याकडे धाडलं. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियन, कथेत हिल्ड रोज रात्री मंत्रानं मेलेल्यांना जागं करते. एका बाजूला तिचा बाप, दुसरीकडे तिला पळवून नेणारा हेदिन, आणि ही लढाई जगाच्या अंतापर्यंत चालायची असते. वेल्सच्या ‘माबिनोगी’ या जुन्या कथासंग्रहात एक कढई आहे. तिच्यात मेलेला योद्धा टाकला की दुसऱ्या दिवशी तो पहिल्यासारखाच लढतो, फक्त त्याला बोलता येत नाही. आजच्या फँटसीतलं मुकं प्रेतसैन्य माझ्या मते या एका तपशिलात आधीच दिसतं. शरीर आणि शस्त्रकौशल्य परत मिळालं, वाचा गेली. आता त्याला नकार देता येणार नाही.

त्या सैन्याला आजचं रूप पडद्यानं दिलं. ग्रीक कथेत जमिनीत पेरलेल्या ड्रॅगनच्या दातांतून उगवतात ती जिवंत, सशस्त्र माणसं. 1963च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये रे हॅरीहाउसेननं त्यांच्या जागी सांगाडे उभे केले आणि एकेका फ्रेमला हातानं हलवून लढवले. 1974मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनाखेळात प्रेतांना हलवणारा मंत्र नियमांतच होता. सांगाडे आणि झोंबी हुकूम पाळतात, बाकी काही नाही. पुढचे असंख्य गेम याच नियमावर उभे राहिले.

पण त्याच खेळात 1981च्या ‘फीन्ड फोलिओ’ या राक्षसकोशानं ‘डेथ नाइट’ हा मेलेला योद्धा आणला, आणि हरवलेलं व्यक्तिमत्त्व परत आलं. चार्ल्स स्ट्रॉस यांनी रचलेला हा योद्धा म्हणजे धर्मापासून ढळलेला पॅलाडिन, म्हणजेच धर्मरक्षक शूरवीर. इथे आपली भाषा छान मदतीला येते: ‘पडणे’ आणि ‘पतित’ एकाच धातूतून आले आहेत. एक योद्धा रणात पडतो, दुसरा शीलातून. डेथ नाइटच्या बाबतीत दुसरं पडणं आधी होतं.

2002च्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या गेममधला राजपुत्र आर्थस याच वळणाचा. प्रजेला वाचवायच्या हट्टापायी तो शापित तलवार हाती घेतो आणि तिचाच गुलाम होतो. टिरफिंगची सावली इथवर पोचते. 2008मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नं डेथ नाइट खेळाडूच्या हाती दिला. सुरुवातीला तुम्ही लिच किंगच्या, म्हणजे प्रेतसैन्याच्या राजाच्या, हुकमावरून निरपराधांना मारता. मग एका लढाईत तुमचा सरदार त्याच्याविरुद्ध उलटतो, आणि कढईतून मुका निघालेला योद्धा पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो.