मुंबईचा प्रेक्षक घरी का बसला

थिएटरं ओस पडायला लागली की मुंबईत दोष नेहमी नव्या यंत्राला दिला जातो. आधी टीव्हीला दिला, मग व्हिडिओला, मग केबलला, आता ओटीटीला. मला हे पटत नाही. यंत्र दारात येण्याआधीच प्रेक्षक थिएटरवर वैतागलेला होता; यंत्राने त्याची फक्त दुसरीकडे सोय केली. हा वैताग समजून घ्यायचा, तर एके काळी याच शहरात थिएटर घरापेक्षा किती सरस होतं ते आधी बघावं लागतं.

७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि १४ मार्च १९३१ ला गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ आला, म्हणजे पडदा बोलू लागला. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. आपल्या विषयाची सुरुवात मात्र त्यानंतर दोन वर्षांनी होते. १९३३ मध्ये कुलाब्याला रिगल उभं राहिलं. थिएटर वातानुकूलित होतं आणि गाड्या ठेवायला तळघर होतं. १९३८ मध्ये चर्चगेटसमोर इरॉस आलं, धोबी तलावाला हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने मेट्रो बांधलं. १९४९ ला लिबर्टी, १९५८ ला मराठा मंदिर. घरात साधा पंखा नसलेला माणूस तिकीट काढून तीन तास गार हवेत, गादीच्या खुर्चीत बसायचा. तिकिटाच्या पैशात चित्रपट होता, तशीच ती खुर्चीही होती.

गिरणगावात एवढा थाट नव्हता. भारतमाता, जयहिंद, गणेश टॉकीज, दीपक ही कामगारांची थिएटरं. पण तिथल्या प्रेक्षकाचं घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, आठ-दहा माणसं, गॅलरीच्या टोकाला सामायिक संडास. त्या खोलीतून निघालेल्या माणसाला स्वतःची एक खुर्ची आणि वर फिरणारा पंखा ही चैनच होती. घरी सिनेमा बघायची कल्पनाच नव्हती. फार तर गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या पूजेला रस्त्यात पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवायचे. एका बाजूला जागा संपली की लोक पडद्याच्या मागे बसून उलटं चित्र बघायचे.

मग थिएटरं उतरणीला लागली. याचं सगळं खापर मालकांवर फोडणं अन्यायाचं होईल. तिकिटाच्या पैशातला मोठा हिस्सा करमणूक कर म्हणून सरकारजमा व्हायचा. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हासुद्धा मुंबईत हा कर ४५ टक्के होता. त्यात जागेचे भाव आकाशाला भिडलेले आणि थिएटर पाडलं तर त्या जागी पुन्हा थिएटर बांधायची सरकारी अट. म्हणजे दुरुस्तीला पैसा नाही आणि बंद करायची सोय नाही. अशा मालकाने खुर्चीचा स्प्रिंग वर आला तरी तो तसाच ठेवला, भिंतींना रंग दिला नाही, झाडूवाले कमी केले. पुरुष प्रेक्षकाने हे बराच काळ चालवून घेतलं. घरातल्या बाईला ते आधी असह्य झालं, आणि बाई यायची थांबली की मुलंबाळं, सासू, नणंद सगळेच थांबतात. आपल्याकडे चित्रपट चालतो तो कुटुंबावर. थिएटरच्या पडझडीच्या चर्चेत हा मुद्दा फार कमी वेळा येतो याचं मला वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. शनिवारचा मराठी आणि रविवारचा हिंदी चित्रपट बघायला अख्खा मजला एका खोलीत जमायचा. पण तो चित्रपट जुना, चित्र काळंपांढरं. थिएटरला त्याने फारसा धक्का लागला नाही. खरा धक्का १९८२ चा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या थिएटरांचा रोजचा प्रेक्षक हातात पगार नसलेला माणूस झाला. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, आणि त्याच सुमाराला व्हिडिओ.

त्या काळातलं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या चाळीपासून दहा मिनिटांवर एक टॉकीज होती. आई सिनेमाला निघताना पिशवीत जुनी सुती चादर घ्यायची, चौपदरी घडी करून खुर्चीवर टाकायला, कारण खुर्चीत ढेकूण होते. दुपारपासून ती पाणी पीत नसे. तरीही एकदा इंटरव्हलमध्ये तिला जावं लागलं. मी लहान, म्हणून तिच्याबरोबर दारापर्यंत गेलो. आत लादीवर घोटाभर पाणी, दाराची कडी तुटलेली. एक बाई आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची, दुसऱ्या हाताने लुगडं वर धरून. आई परत आली तेव्हा चित्रपट पुढे गेलेला, आणि तिला झालेलं काही कळेना.

वर्षभराने चाळीत व्हिडिओ आला. घरटी वर्गणी काढली, शनिवारी रात्री टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने टॅक्सीतून आणला, सोबत तो चालवणारा पोरगा. सकाळपर्यंत तीन चित्रपट. चित्रावर रेघा, रंग फुटलेले, आवाज खरखरीत. आई दाराजवळ बसली होती. मध्येच उठून गॅलरीच्या टोकाला जाऊन आली. आल्यावर पोराने तिला विचारलं, “काकू, कुठपर्यंत बघितलं होतंत?” आणि टेप मागे घेतली. त्यानंतर त्या टॉकीजमध्ये ती एकदाच गेली, तेही पाहुण्यांसाठी.

ती टेप बहुतेक वेळा चोरीची असायची. त्यात निर्मात्यांचं नुकसान झालं हे खरंच, आणि १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल करून व्हिडिओ चोरीला त्यात आणावं लागलं. पण चोरी थांबवायला जेवढा जोर लावला, त्याच्या निम्मा तरी थिएटरांच्या संडासांवर लावला असता, तर बराच प्रेक्षक टिकला असता, असं मी जबाबदारीने म्हणतो.

याला पुरावा आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये ‘हम आपके है कौन’ आला तेव्हा घरोघरी केबल पोचलेली होती. निर्मात्यांनी व्हिडिओची कॅसेट लगेच बाजारात येऊ दिली नाही आणि चित्रपट निवडक, चांगल्या थिएटरांत लावला. मुंबईत लिबर्टीमध्ये तो शंभराहून जास्त आठवडे चालला. लग्नाला जावं तशा साड्या नेसून बायका येत होत्या. टीव्ही, व्हिडिओ, केबल सगळं घरात असताना हे झालं. जागा नीट असेल तर कुटुंब बाहेर पडतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

मल्टिप्लेक्सवाल्यांनी हा धडा घेतला. २००१ च्या सुमारास मुंबईत पहिली मल्टिप्लेक्सं आली. राज्य सरकारने त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमाफी दिली. स्वच्छ संडास, सरळ खुर्च्या, चांगला आवाज, हे श्रेय त्यांचंच आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवं. आई वीस वर्षांनी पुन्हा थिएटरात गेली ती तिथेच. जुन्यांपैकी मेट्रोचं मल्टिप्लेक्स झालं. बाकीच्यांना अशी करमाफीही नव्हती आणि भांडवलही नव्हतं.

पुढे बिघडलं ते खाण्यापिण्यावरून. चौघांचं कुटुंब गेलं की पॉपकॉर्न आणि पाण्याचा खर्च तिकिटांच्या बरोबरीला यायला लागला, आणि दाराशी पिशवी उघडून घरचा डबा काढून घ्यायला लागले. २०१८ मध्ये हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, मनसेने आंदोलन केलं. जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात बाहेरचे पदार्थ नेऊ देण्याची घोषणा झाली, पण लगेच ऑगस्टमध्ये सरकारने न्यायालयात माघार घेतली. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं नाकारायचा हक्क थिएटरला आहे, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल. पिण्याच्या पाण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला बोलावं लागलं.

दरम्यान घर बदललं होतं. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरमध्ये जिओने डेटा स्वस्त केला, डिसेंबरमध्ये प्राइम आलं. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. दीड वर्षात डोंबिवली-विरारपर्यंतच्या घरांत मोठा टीव्ही आला. आता थिएटरात लागलेला हिंदी चित्रपट साधारण आठ आठवड्यांत घरी दिसतो.

आणि नेमक्या याच वेळी थिएटरचा मुख्य माल, म्हणजे चित्रच, हलकं होत चाललंय. पूर्वी प्रोजेक्शनच्या खोलीत ऑपरेटर कार्बनच्या कांड्या हाताने जुळवत बसलेला असायचा. पडदा काळवंडला की पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि तो धावायचा. आता सर्व्हरवर वेळापत्रक लावलेलं असतं, खेळ आपोआप सुरू होतो, खोलीत बऱ्याचदा कोणी नसतं. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला तरी तो बदलायला महाग, म्हणून ओढून ओढून वापरतात. गेल्या वर्षी उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये रात्रीचे सगळे प्रसंग मला राखाडी दिसत होते. बाहेर जाऊन तक्रार केली. इंटरव्हलनंतर चित्र एकदम उजळलं. थ्रीडी चित्रपटासाठी प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर लावतात ती काच, उजेड अडवणारी, तशीच राहिली होती. दीडशे माणसांनी अर्धा चित्रपट अंधारात बघितला होता, आणि तक्रारीला उठलेला मी एकटाच. बाकीच्यांनी घरी जाऊन काय ठरवलं असेल?

२०१९ मध्ये दादरचं चित्रा बंद झालं. २०२४ मध्ये इरॉस आयमॅक्स, म्हणजे महाकाय पडद्याचं थिएटर, होऊन पुन्हा उघडलं. या दोन टोकांच्या मधली, परवडणारी आणि धड अशी थिएटरं शहरात फार थोडी उरली आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याचा उपयोग होईल तो या उरलेल्या जुन्या थिएटरांनाच, आणि वाचलेले पैसे खुर्च्यांत, दिव्यात, संडासात जावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. मध्यंतरी अशाच एका थिएटरात मॅटिनीला गेलो होतो. पडदा स्वच्छ होता, आवाजही चांगला. इंटरव्हलमध्ये बायकांच्या बाजूला एक मुलगी बाहेरून दार धरून उभी होती.