लाल, पिवळा, निळा या त्रयीची पार्श्वभूमी

रंगचक्र रंगवायला घेताना विद्यार्थी ज्या तीन रंगांपासून सुरुवात करतो, ती त्रयी मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय चित्रकार आणि छपाईकारांच्या व्यवहारातून रूढ झाली. त्याआधीही वर्गीकरणे होतीच. नाट्यशास्त्रात पांढरा, निळा, पिवळा व तांबडा असे चार स्वाभाविक वर्ण सांगितले असून पिवळ्या-निळ्याच्या संयोगाने हिरवा होतो, हेही नोंदवले आहे.

१७०४ मध्ये प्रकाशशास्त्रावरील एका इंग्रजी ग्रंथाने वर्णपटाचे सात रंग वर्तुळात मांडले; त्यात आजच्यासारखा तीन मूळ आणि तीन दुय्यम रंगांचा भेद नव्हता. त्याच सुमारास बर्लिनमध्ये प्रशियन ब्ल्यू हे गडद, हिरवट निळे रंगद्रव्य हाती आले आणि पुढच्या काही वर्षांत लंडनमधील एका छपाईकाराने निळी, पिवळी व तांबडी शाई लावलेल्या तांब्याच्या तीन पत्र्यांवरून रंगीत चित्रे छापून दाखवली. त्रयीला व्यावहारिक पुरावा मिळाला तो येथे. १८३९ मध्ये पॅरिसच्या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञाने, काळे सूत फिके दिसते या तक्रारीचे मूळ रंगाईत नसून शेजारच्या रंगांत आहे, असे दाखवले. विरोधी रंगांच्या आजच्या धड्यांवर त्याच्या या कामाचा ठसा मोठा आहे.

खरा वाद त्यानंतरचा. १८५० च्या दशकात एका जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाशाचे मिश्रण आणि रंगद्रव्याचे मिश्रण या वेगळ्या क्रिया असल्याचे स्पष्ट केले: पिवळा व निळा प्रकाश एकत्र आला की पांढरा दिसतो, तर तेच रंग पॅलेटवर हिरवा देतात. रंगद्रव्यांपुरते बोलायचे, तर सायन (हिरवट निळा), मॅजेन्टा (जांभळट गुलाबी) आणि पिवळा यांतून अधिक विस्तृत छटा मिळतात, हे छपाईच्या धंद्याने पुढे स्वीकारले. कलाशिक्षणाने मात्र जुनी त्रयी कायम ठेवली. या निर्णयाला एके काळी सबळ कारण होते. मॅजेन्टा रंजक १८५९ मध्येच बाजारात आले, पण ते उन्हात उडत असे. सायनच्या जवळचे थॅलो ब्ल्यू हे रंगद्रव्य १९३५ मध्ये आणि टिकाऊ क्विनॅक्रिडोन मॅजेन्टा १९५८ मध्ये विक्रीस आले, म्हणजे तोवर विद्यार्थ्याच्या पेटीत दुसरी त्रयी ठेवणे कठीणच होते. त्यानंतर ही सबब उरत नाही. तरीही बारा भागांचे, जुन्याच त्रयीवर उभे असलेले एका स्विस चित्रकाराचे रंगचक्र १९६१ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि जगभरच्या वर्गांत तेच प्रमाण मानले गेले.

याचा फटका नवशिक्याला जांभळा करताना बसतो. व्हर्मिलियन (नारिंगीकडे झुकणारा लाल) आणि प्रशियन ब्ल्यू मिसळल्यास काळपट तपकिरी हाती येतो, कारण व्हर्मिलियन निळा प्रकाश शोषतो, प्रशियन ब्ल्यू तांबडा शोषतो आणि परावर्तित होण्यासारखे फारसे काही उरत नाही. क्रिमसन लेक (जांभळट लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळट निळा) घेतल्यास बरा जांभळा मिळतो. दोन्ही जोड्यांना वर्गात मात्र ‘लाल आणि निळा’ एवढेच म्हटले जाते. ट्यूबवरील रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक, उदाहरणार्थ अल्ट्रामरीनसाठी पीबी २९ आणि प्रशियन ब्ल्यूसाठी पीबी २७, हा घोळ टाळतो, पण विद्यार्थी वापरतात त्या स्वस्त पोस्टर कलरच्या बाटल्यांवर तो अनेकदा छापलेलाच नसतो.